एक किलोमीटर, केसभर कमी

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, तरी त्यांची खुर्ची सुटत नव्हती. डॉक्टरांनी रोज एक किलोमीटर चालायला सांगितलं होतं. त्या स्वयंपाकघरापर्यंत चालत आणि तेवढ्यावर डॉक्टरांची बोळवण करत. शेवटी वेबसाइट बनवण्याची नोकरी करणाऱ्या सूनबाईनं रविवारभर बसून त्यांच्या मोबाइलसाठी एक पान तयार केलं. इमारतीमागच्या बागेची एक फेरी म्हणजे ०.१ किलोमीटर. फेरी झाली की बटण दाबायचं. बेरीज एक झाली की पान म्हणणार, "शाब्बास! बसा." तोवर, "अजून चाला."

सोमवारी सूनबाई ऑफिसात मीटिंगमध्ये असताना फोन आला.

"अगं, दहा फेऱ्या झाल्या. एक किलोमीटर दिसतंय. तरी हे म्हणतंय, अजून चाला!"

"एखादी मोजायची राहिली असेल, आई. अजून एक मारा," सूनबाई कुजबुजली.

हा सल्ला भोवला. अकरा झाल्या. अजून चाला. बारा झाल्या. अजून चाला. आता सासूबाई हट्टाला पेटल्या. "मला खोटं पाडतोस काय रे!" असं मोबाइलला सुनावून त्यांनी वेग वाढवला. पंधराव्या फेरीला सासरे पाण्याची बाटली घेऊन मागे निघाले. सतराव्याला बाकावरच्या चार शेजारणी "आम्ही मोजतो" म्हणत सामील झाल्या. अठराव्याला सासऱ्यांचा धापा टाकत फोन आला, "सूनबाई, ही थांबत नाहीये! निदान मला तरी बसायची परवानगी दे!"

सूनबाई मीटिंगमधून बाहेर पडली. तिनं लॅपटॉपवर पानाचा कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. तिनं लिहिलं होतं, बेरीज बरोब्बर एक असेल तरच शाब्बास. पण संगणकाला ०.१ नेमका मांडता येत नाही. केसभर फरक राहतो आणि तसे दहा मिळवले की एक काही भरत नाही. पान मात्र गोळाबेरीज करून साळसूदपणे १.० दाखवत होतं. अकराव्या फेरीनंतर तर एक मागेच पडला. आता सासूबाईंनी पृथ्वीप्रदक्षिणा केली असती, तरी शाब्बासकी मिळणार नव्हती.

ती धावतपळत बागेत पोचली, तेव्हा तेविसावी फेरी संपत होती.

"आई, थांबा! चूक माझी आहे. संगणकाचा एक आपल्या एकाला केसभर कमी पडतो."

"म्हणजे मापात पाप!"

"गुडघा कसा आहे पण?"

सासूबाई थबकल्या. आपल्याला गुडघा आहे, हेच त्या तासाभरात विसरल्या होत्या.

संध्याकाळी सूनबाईनं कोड सुधारला. केसभर फरक चालेल, एकाच्या पुढे गेलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दहाव्या फेरीलाच मोबाइल म्हणाला, "शाब्बास! बसा." भरल्या पंगतीतून कुणी उठवावं, तसं सासूबाईंचं तोंड झालं.

सूनबाई ऑफिसातून परतली, तर फाटकात सासूबाई चार शेजारणींसह उभ्या.

"चांगलं चाललेलं पान बिघडवलंस ना? कालच्यासारखं कर."

"अहो आई, पण ती चूक होती!"

"असू दे," एक शेजारीण मोबाइल पुढे करत म्हणाली. "आम्हालाही एकेक पान करून दे. चुकीसकट हं!"