माद्रिद ते लिस्बन, अधिक आठ पावलं

इल्देफोन्सो जेवणाला उशिरा पोहोचला. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्याआधी आठवडाभर त्याचा आत्मविश्वास विमानाच्याही वरून उडत होता.

"माद्रिद ते लिस्बन पाचशे किलोमीटर!" तो आईला सांगायचा. "उड्डाण एक तास वीस मिनिटं. पण तिकडचं घड्याळ आपल्या एक तास मागे. म्हणजे साडेआठला निघायचं, आठ पन्नासला हजर! वीस मिनिटांत देश पार! एवढ्या वेळात आपले शेजारी जिनासुद्धा उतरत नाहीत!"

प्रश्न लिस्बनच्या ग्रासिंदाशी लग्नाचा होता. तिचे वडील, सेन्योर बेल्मिरो, यांचं ठाम मत होतं की स्पेनहून ना चांगला वारा येतो, ना चांगलं स्थळ. तरी लेकीखातर त्यांनी रविवारी एकच्या जेवणाला बोलावलं. आधीचा एक मुलगा अकरा मिनिटं उशिरा आला होता. त्याला दारातूनच परत पाठवलं. सूप मात्र डब्यात बांधून दिलं!

स्पॅनिश माणूस उशीर करणारच, म्हणून ग्रासिंदाने त्याला बाराची वेळ सांगितली. घड्याळाचा घोळ नको, म्हणून आईने एक तास कापायला लावला. त्या अकरा मिनिटांच्या धसक्याने त्याने स्वतः आणखी एक कापला. एकाच रश्श्यात तिघांनी मीठ टाकावं तसं झालं.

लिस्बनच्या दहाला त्याने बेल वाजवली. दारात बेल्मिरो. अर्ध्या गालाला फेस, हातात खारवलेल्या कॉड माशाची शेपटी.

"कोण?"

"मी... इल्देफोन्सो. जेवायला."

बेल्मिरोंनी घड्याळ पाहिलं, त्याला पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"ओतिलिया!" त्यांनी बायकोला हाक मारली. "स्पॅनिश माणूस लवकर आलाय! मागे पोलीस आहेत का बघ!"

"आधी आत घ्या त्या पोराला! आणि मासा अजून भिजतोय म्हणावं!"

पण बेल्मिरो आतून विरघळले होते. तीन तास आधी! एवढा मान त्यांना सख्ख्या भावानेही दिला नव्हता. त्यांनी त्याला सोफ्यावर बसवलं, पाठीला स्वतः उशी दिली. पहाटे पाचला उठलेला इल्देफोन्सो म्हणाला, "जरा डोळे मिटतो."

एक वाजला. सूप वाढलं.

"इल्दे! अरे ऊठ ना, मेल्या!" ग्रासिंदाने हलवलं, चिमटे काढले. घोरण्याचा फक्त सूर बदलला.

सोफ्यापासून टेबल आठ पावलांवर. तो पोहोचला एक वाजून बारा मिनिटांनी!

टेबलावर कुणी चमचाही हलवेना. ग्रासिंदाने डोळे घट्ट मिटले.

"अकरा मिनिटांनाही मी दार दाखवलंय," बेल्मिरो म्हणाले. मग त्यांचे खांदे गदगदायला लागले. "पाचशे किलोमीटर तीन तास आधी, आणि आठ पावलांना बारा मिनिटं उशीर! हाकलायचं तरी कुठल्या घड्याळाने? बसा जावईबापू! सूप गार झालंय, मुकाट्याने प्या!"

जेवण होताच त्यांनी कागद मागवला आणि विमान खात्याला अर्ज लिहिला:

"महोदय, माद्रिद–लिस्बन उड्डाण सध्या विमानतळावरच संपते, त्यामुळे प्रवाशांची गैरसोय होते. तरी सदर मार्ग आमच्या सोफ्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत आठ पावले वाढवून मिळावा, ही नम्र विनंती. दर रविवारी एकच्या आत."