सर कपाटात आहेत

लांजेवार सर कपाटात शिरले, विहंगनं दार लावलं आणि दाराची मूठ त्याच्या हातात आली.

अख्खी मूठ. स्क्रूसकट.

समोर सतरंजीवर पोरं बसलेली. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर त्यांचे आईबाप. सगळ्यांना वाटलं, हा शिकवण्याचाच भाग आहे. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. विहंगनं मूठ गुपचूप खिशात टाकली आणि हसला. हसणं जमलं नाही, पण दात दिसले.

आज सगळं पणाला लागलं होतं. नंदनवनातल्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यानं इंग्रजीचा क्लास काढला होता आणि आज त्याचा डेमो होता. बाबांचं, म्हणजे चंपतरावांचं, गांधीबागेत कापडाचं दुकान. त्यांनी सकाळी चप्पल घालता घालता सांगितलं होतं, "आज एक तरी ॲडमिशन आली पाहिजे. नाही तं उद्यापासून दुकानात. गादी तुयी वाट पाहून राहिली." रविवार असूनही ते दुकानात गेले होते. लग्नसराई होती.

म्हणून तर विहंगनं सरांना गाठलं होतं.

महालातल्या त्याच्या शाळेत लांजेवार सर इंग्रजी शिकवायचे. सायकल, पांढरा शर्ट, आणि खडूनं कायम पांढरी झालेली बोटं. इंग्रजीतले हे बारके शब्द, इन, ऑन, अंडर, सरांनी कधी पुस्तकातून शिकवलेच नाहीत. पोराला उचलून टेबलावर उभं करायचे. "हा कुठी आहे? लिहा!" मग ते ऑन. बाकाखाली घुसवलं की अंडर. आणि नियम एकच. फळ्यावर वाक्य पूर्ण होत नाही, फुलस्टॉपसकट, तोवर माणूस जागचा हलणार नाही. विहंग एकदा अख्खी मधली सुट्टी खिडकीत बसून होता, कारण वर्गातला मोहित वाक्य अर्धं टाकून पाणी प्यायला पळाला होता. खाली मैदानात पोरं खेळतायत, चिंचेच्या झाडाखाली बोरंवाली बसलीये, आणि हा वर खिडकीत. तिथून शाळा जेवढी सुंदर दिसली तेवढी पुन्हा कधी दिसली नाही. "इन द विंडो" मात्र तो जन्मात विसरला नाही.

सर यायला तयार नव्हते. "आता कोणाले पाहिजे गा हे? मोबाईलच लिहून देते सारं. मागच्या वर्षी एका शाळेनं बोलावलं होतं. मी विचारलं, तं एक पोट्टं वर पाहिन तं शपथ."

"सर, तुमी फक्त या. पोट्टे बोलतील, माही गॅरंटी."

तर अशी गॅरंटी दिलेले सर आता कपाटात होते. कपाट लोखंडी, बाबांच्या दुकानातलं. परवाच हमालांनी आणून हॉल आणि आतल्या खोलीच्या मधल्या दारात उभं केलं होतं. आत फळ्या नव्हत्या, त्यामुळे सरांना ते बघताक्षणी आवडलं होतं.

"लिहा!" कपाटातून आवाज आला.

अपेक्षा नावाची दोन वेण्यांची पोरगी उठली आणि फळ्यावर लिहिलं : सर इज इन द कपबोर्ड. फुलस्टॉप दिला. जरा जोरातच दिला.

"झालं काय गा विहंग? बरोबर आहे?"

बरोबर म्हणावं तर नियमानं दार उघडायला हवं. उघडायला मूठ हवी. मूठ खिशात.

"सर..." विहंग फळ्याकडे सरकला आणि अंगठ्यानं फुलस्टॉप पुसला. "फुलस्टॉप राहिला, सर."

"दिला ना मी!" अपेक्षा ओरडली.

"दिसून नाही राहिला बेटा. पुन्हा दे."

कपाटात जरा खुडबूड झाली. मग सर बोलले, आणि आवाज पहिल्यापेक्षा मोकळा होता. "फुलस्टॉप नाही म्हणजे माणूस अजून बोलूनच राहिला, असं वाटते. द्या, द्या. आपल्याले घाई नाही."

पोरं दुसरा फुलस्टॉप देईपर्यंत विहंगनं कपाटाच्या फटीत पट्टी घातली. पट्टी मोडली. त्यानं दबक्या आवाजात आईला हाक मारली. "आई, स्क्रूचा पेचकस दे ना वं!"

आतल्या खोलीतून आई, वंदनाताई, म्हणाली, "थांब जरा! पाहुण्याले चहा देऊन राहिली मी."

"कोणता पाहुणा आला आता?"

"आहेत एक. तू तुयं काम कर."

पाहुण्यांनाही हाच मुहूर्त सापडला होता. विहंगनं गॅलरीत जाऊन बाबांना फोन लावला. "बाबा, ते कपाट कसं उघडते?"

"काहून? काय ठेवलं त्यात?"

"सर."

पलीकडे गिऱ्हाईक साडीचा काठ कसा हवा ते सांगत होतं. मग तेही थांबलं. "येतो," बाबा म्हणाले.

गांधीबागेहून नंदनवन म्हणजे रविवारची गर्दी. तोवर वाक्य चुकीचंच राहायला हवं होतं. विहंग परत आला आणि फळ्यावरचा 'द' पुसला.

"सर, आता 'द' राहिला."

"कोण आहे गा ते पोट्टी? 'द' नाही येत तिले?"

अपेक्षा विहंगकडे अशी पाहायला लागली, की आपली एक ॲडमिशन कमी झाली हे त्याला कळलं. तिची आई, प्रीतीताई, खुर्चीतून विहंगला म्हणाल्या, "अहो सर, तुमीच तं पुसून राहिले."

"टेस्ट आहे मॅडम."

"कोणाची?"

तोवर आतून सरांची गाडी सुटली होती. 'इन' फक्त कपाटातच असते काय? सकाळी काय म्हणाल? पोरं ओरडली, इन द मॉर्निंग! नागपुरात? इन नागपूर! पांढऱ्या शर्टातला माणूस? इथे पोरं अडली, आणि मागून एक बाप हळूच म्हणाला, "इन अ व्हाइट शर्ट." त्याची बायको त्याच्याकडे नव्यानं पाहायला लागली. मग खुर्च्याही उत्तरं द्यायला लागल्या. एका आजोबांनी आपल्या मास्तरांचं नाव घेऊन वाक्य केलं. विहंग क्षणभर दार विसरला. खडूचा तो वास, तो गलका, तो आवाज. फक्त शाळा नव्हती, आणि सर डब्यात बंद होते.

"हातात धरता येत नाही, त्याच्यातही माणूस असते," सर म्हणाले. "लिहा कोणी. अडचणीत."

अपेक्षा संथपणे उठली. विहंग सर इज इन ट्रबल, असं तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. फुलस्टॉपवर हात ठेवून उभी राहिली, पुसू नये म्हणून.

"व्हेरी गुड! पण काहून गा विहंग? काय झालं?"

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. चंपतराव घामाघूम आत आले. कोणाकडे न पाहता कपाटापाशी गेले, दार किंचित वर उचललं, खाली गुडघा मारला. दार उघडलं.

कपाट रिकामं होतं.

आणि मग त्या रिकाम्या कपाटातून स्पष्ट आवाज आला, "नेक्स्ट सेंटेन्स!"

एक पोरगं आईच्या मांडीवर चढलं. विहंग खाली बसला. चंपतरावांनी मात्र शांतपणे हात घालून मागे लोंबणारा दाराचा पडदा बाजूला केला. कपाटाला पाठ नव्हतीच. पलीकडच्या खोलीत, दिवाणावर मांडी घालून, लांजेवार सर बशीतून चहा पीत होते. बाजूला चिवडा.

"दुकानात हे गोदामाच्या दारात असे," चंपतराव म्हणाले. "तिकडून माल टाकायचा, इकडून काढायचा. एक दिवस जरी दुकानात बसला असता, तं माहीत असतं तुले."

"सर, तुमी बाहेर कधी आले?"

"तू फुलस्टॉप राहिला म्हणला तवाच. पडदा हालून राहिला होता, अन् चहाचा वास."

"मंग सांगतलं काहून नाही?"

सर बशीत पाहत राहिले. "सांगतलं असतं तं पोट्टे गप्प झाले असते ना गा. किती वर्षांनी मी विचारलं, अन् समोरून आवाज आला." मग त्यांनी बशी ठेवली. "अन् तू बरोबरच होता. वाक्य चूकच होतं. सर कपाटात होतेच कुठी?"

सगळे हसले. प्रीतीताई उठल्या. "आमच्या अपेक्षाचं नाव लिहून घ्या. पण हे सर येतील ना?"

"येतो. कपाट इथून हलवायचं नाही," सर म्हणाले. मागे आणखी खुर्च्या सरकल्या. लोक नावं सांगायला लागले.

विहंग वही घ्यायला वळला, तोच सर म्हणाले, "तू कुठी चालला? 'द' कोणी पुसला? चढ टेबलावर."

विहंग चढला. इतक्या वर्षांनी पाय आपोआप जुळले, हात मागे गेले.

"अपेक्षा, लिही."

"मी नाही लिहीत," अपेक्षा म्हणाली. "माझा फुलस्टॉप पुसला त्यांनी."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. चंपतरावांनी खडू उचलला. इंग्रजीशी त्यांचा संबंध कापडाच्या थानांवरच्या लेबलापुरता. ते अपेक्षाचं वाक्य पाहत पाहत, एकेक अक्षर कोरत गेले. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "वर उभा आहे, म्हणजे ऑन ना?" सगळा वर्ग म्हणाला, "हाव!"

विहंग इज ऑन द टेबल

"फुलस्टॉप, चंपतराव," सर म्हणाले. "त्याच्याशिवाय उतरता येत नाही त्याले."

चंपतरावांनी खडू फळ्याजवळ नेला. टेबलावरच्या पोराकडे पाहिलं. नावं सांगायला थांबलेल्या लोकांकडे पाहिलं.

"राहू द्या सर," ते म्हणाले. "राहू द्या याले वरच."

खडू त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि ते दुकानात निघून गेले.