मिस्त्रींचे नसलेले हजार शेअर

गरगर मिक्सर कंपनी बुडणार, हे मिस्त्रींना कंपनीच्या मालकाच्याही आधी कळलं होतं. कळणारच! त्यांच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा मिक्सरांतले आठ गरगरचे. कुणाची मोटार जळलेली, कुणाचं बटण दाबलं की धूर. दोन भिंतींना छतापर्यंत नुसती गरगरची खोकी. आणि अशा कंपनीच्या शेअरचा भाव नव्वद? मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेअरदलालाकडे नोकरीला असलेल्या मेहुण्याने तोड काढली.

"भावोजी, भाव पडणार ना? मग आधी विका, पडला की घ्या."

"अरे, पण माझ्याकडे शेअर आहेत कुठे?"

"नसले तरी विकता येतात. फक्त त्याच दिवशी साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत तेवढेच परत घ्यायचे. मग भाव काहीही असो."

नसलेली वस्तू विकायची! इतका सोपा धंदा सोडून आपण वीस वर्षं मोटारींना तारा गुंडाळत बसलो, याचं मिस्त्रींना मनापासून वाईट वाटलं. दुकानाच्या गाळ्याच्या नव्या कराराची अनामत, साठ हजार, दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या हातात पडायला हवी होती. नाहीतर गाळा समोरच्या मोबाइलवाल्याला. तेच साठ हजार मेहुण्याकडे भरून मिस्त्रींनी नव्वदच्या भावाने हजार शेअर विकले.

अकराला भाव अठ्ठ्याऐंशी झाला आणि मिस्त्रींनी चक्क शीळ घातली. शेजारचा सलूनवाला लगेच हजर.

"काय मिस्त्री, आज स्वारी खुशीत?" त्याने फोनमध्ये डोकावलं. "गरगर? शेअर घेताय की काय?"

"छे, छे! तूही घेऊ नकोस बाबा. भंगार कंपनी आहे."

सलूनवाला परत जाऊन खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या कानाला लागला. "स्वतः गुपचूप घेतोय आणि आपल्याला नको म्हणतोय. लबाड!" गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून फोनला चिकटलं.

बाराला बायको डबा ठेवून गेली. साडेबाराला भाव एकशेपाच. मिस्त्रींनी उघडलेला डबा तसाच झाकला. तेवढ्यात सलूनवाल्याने त्यांच्यापुढे फोन धरला. फोटोत त्यांचंच दुकान, त्यांचीच खोकी, आणि खाली लिहिलेलं : 'गरगर! नुसते दुरुस्तीलाच एवढे, तर खपत किती असतील!'

"चार गटांवर आलाय," सलूनवाला म्हणाला. "मी दोनशे घेतले."

"अरे गाढवा, बिघडलेत ते सगळे! थांब, दाखवतोच तुला धूर."

मिस्त्रींनी हाताला आलेला मिक्सर लावला. दारात ही गर्दी जमली. बटण दाबलं, तर मिक्सर असा झकास फिरला की काही विचारू नका. फिरणारच, कालच मिस्त्रींनी तीन तास खपून तो दुरुस्त केला होता. गर्दीने टाळ्या वाजवल्या, आणि भाव एकशेतीस झाला.

पुढे मिस्त्री घाम पुसत देवाचा धावा करत बसले. तीन वाजून वीस मिनिटांनी मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, आता घ्यावेच लागतील. दीडशे चाललाय." मिस्त्रींनी डोळे मिटून "घे" म्हटलं. साठ हजार स्वाहा. आणि पाचच मिनिटांत भाव धाडकन खाली आला.

संध्याकाळी बायको हसतच दुकानात शिरली.

"अहो, ऐका तरी! मी आज शेअर घेतले. भावाकडून, हजार! दुपारी डबा द्यायला आले, ही खोकी बघितली आणि डोक्यात आलं. अठ्ठ्याऐंशीला घेतले, फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, आणि शेवटी कुणीतरी येडा दीडशेला घेत होता, त्याच्या गळ्यात मारले."

मिस्त्री खुर्चीत बसले ते बसलेच. "तुझ्या भावाने मला एका शब्दाने सांगू नये?"

"तुम्हाला कशाला सांगेल? गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, असा नियम आहे त्यांच्यात."

मेहुण्याला दोन्हीकडची दलाली मिळाली होती. मिस्त्रींनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. बायकोने ऐकून घेतलं आणि गाळ्याचा मालक सकाळी किती वाजता येतो, तेवढंच विचारलं. मिस्त्रींना त्याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी तिने साठ हजार मालकाच्या हातावर मोजून ठेवले आणि करारावर स्वतःचं नाव घातलं. मालकाने चष्म्यावरून मिस्त्रींकडे पाहिलं.

"मग आता हे कोण?"

"कारागीर आहेत," बायको म्हणाली. "आजपासून पगारावर."