व्याह्यांना दिलेला शेक

"आता हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही," असं म्हणत फारुकचाचांनी संदेशच्या गॅरेजमधला एक जुना टायर पुढे ओढला आणि त्यावर बैठक मारली. "पण माझ्या गाडीने जयगड ते चिपळूण एवढ्या वाटेत एक लग्न ठरवलं, एका माणसाची सात वर्षांची कंबर सरळ केली आणि कच्चा हापूस पिकवला. एकाच खेपेत!"

संदेशचं डोकं दुसऱ्याच गाडीच्या बॉनेटखाली होतं. ते बाहेर न काढता त्याने विचारलं, "तुमच्या गाडीचं काय करायचंय, चाचा?"

"हवा भरायची. दुसरं काय असणार?"

चाचांच्या गाडीत, मागच्या सीटवर, झुबेदाचाची काच खाली करून ओढणीने वारा घेत बसल्या होत्या. बाकड्यावर दादू खलाशी स्कूटरचं पंक्चर निघायची वाट बघत बसला होता. त्याला वेळच वेळ होता. "सांग तर खरं," तो म्हणाला.

फारुकचाचा तीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन होते, आणि जमिनीवर येऊन नऊ वर्षं झाली तरी अजून बोटीवरच होते. घरात पंखा लावायचा तरी ते आधी वाऱ्याची दिशा बघत. गेल्या पावसाळ्यापासून चाचींच्या कमरेत उसण भरायची. डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितलं. भाचा उमेर कॅनडात. त्याने गाडीच्या सीटमध्ये बसवायच्या दोन गरम गाद्या पाठवल्या. एक डाव्या सीटला, एक उजव्या.

"मे महिन्यात? रत्नागिरीत?" दादू म्हणाला.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," बॉनेटखालून आवाज आला. "गाडी उन्हात लावा, चाचा. फुकटात हीटर."

"मेल्या, ऊन काय बरोब्बर कमरेवर पडतं? सगळ्या अंगाला शेक घ्यायचा तर मग भाकरीच्या तव्यावर बसेन की!"

तर चाचांनी स्वतःच्या हाताने दोन्ही सीटा काढल्या, कव्हरं उसवली, आत गाद्या बसवल्या आणि कव्हरं पुन्हा शिवली. टाके इतके बारीक, की शिंप्याने मान खाली घालावी. गाद्यांबरोबर कमीजास्त करायचे दोन स्विच आले होते. ते चाचांनी डब्यात टाकून दिले.

संदेशचं डोकं आता बाहेर आलं. "स्विच टाकून दिले?"

"हे बघ. बोटीत सुकाणूची मोटर असते. ती कोणाचा हात लागून बंद पडली तर बोट खडकावर. म्हणून महत्त्वाची लाइन सरळ घ्यायची, मध्ये काही ठेवायचं नाही. झुबेदाच्या कमरेपेक्षा महत्त्वाचं काय आहे? डायरेक्ट बॅटरी! चावी असो नसो, गादी गरम. बंदच करायची तर सीटखाली हात घालून जोड ओढायचा. पण त्यासाठी माणूस आधी सीटवरून उठला पाहिजे."

मागच्या सीटवर ओढणीचा वारा जरा जोरात झाला.

गाद्यांचं काम एका शनिवारी संध्याकाळी पुरं झालं, आणि रविवारी सकाळच्या एसटीने मुकादमसाहेब आले. मुकादमसाहेब चिपळूणचे, त्यांच्या मुलाशी, फुजैलशी, चाचांच्या लेकीचं, महरीनचं, लग्नाचं बोलणं झालेलं. फक्त तारीख अडली होती. फुजैल कतारहून डिसेंबरात रजेवर येणार, तेव्हाच निकाह व्हावा असं चाचांचं म्हणणं. मुकादम मात्र "बघू, पुढल्या वर्षी" याच्यापुढे सरकत नव्हते. माणूस मोठा अदबीचा. सात वर्षं कंबर धरलेली, हातात काठी. जेवणं झाली, पापलेटाची तारीफ झाली, तारीख तिथेच. शेवटी चाचा म्हणाले, "एसटीने कशाला? मी सोडतो. वाटेत बोलू."

व्याही म्हटल्यावर पुढची सीट त्यांचीच. ज्या कमरेसाठी गादी आणली ती कंबर मागे गेली. सोबत हापूसची पेटी. "सकाळीच झाडावरून काढलेला, दगडासारखा," चाचा दादूला म्हणाले. "हे ध्यानात ठेव."

चाफे गावाच्या पुढे मुकादमसाहेब पहिल्यांदा हलले. "हवा गरम आहे नाही आज?"

"एसी वाढवतो की!" चाचांनी एसी पूर्ण सोडला. वरून काश्मीर, खालून तंदूर. आपली गादी व्याह्यांच्या ध्यानात यावी आणि त्यांनी आपणहून विचारावं, एवढीच चाचांची इच्छा. पण मुकादमसाहेबांना वाटलं, हे आपल्याच शरीरात काहीतरी झालंय, आणि ते लेकाच्या सासऱ्याला कसं सांगणार? निवळी फाट्यापर्यंत त्यांचा चेहरा कोकमासारखा झाला. कपाळाला गारठा, खाली वणवा. डिसेंबरचा विषय काढला की ते नुसते "या अल्ला" म्हणायचे.

"आणि तुझी गादी?" दादूने विचारलं.

"मी तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली आहेत," चाचा छाती काढून म्हणाले. मग जरा थांबून, "संगमेश्वरपासून मी अर्धा उभा राहून चालवत होतो, ते वेगळं."

तिथेच चाचांना कळलं की हे प्रकरण तारखेच्या मुळावर येणार. व्याही खाली उतरले तर जोड ओढता येईल. त्यांनी गाडी टपरीपाशी घेतली. "चला, चहा घेऊ."

"नको."

"शहाळं?"

"नको."

"नमाजाची वेळ होत आली, मशीद जवळच आहे..."

"घरी जाऊन पढेन," मुकादमसाहेब दाराची कडी घट्ट धरून म्हणाले. कारण त्यांची पँट मागून चिंब झाली होती. चारचौघांत उतरलं असतं, तर लोकांनी या वयात काय समजलं असतं? म्हणजे ते उठेनात म्हणून गादी बंद होईना, आणि गादी बंद होईना म्हणून ते उठेनात!

संदेश पाना हातात धरून खाली बसला होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हस. पण पुढचं ऐक. चिपळूणला त्यांच्या दारात गाडी थांबली. ज्या माणसाला गाडीतून काढायला दोन माणसं लागायची, तो दार उघडून असा सुटला, असा सुटला, की सरळ न्हाणीघरात! ताठ! काठी माझ्या गाडीतच राहिली. अजून आहे, बघ जा." चाचांनी गाडीकडे बोट केलं. काठी खरोखरच मागच्या काचेशी आडवी पडली होती.

"आणि तारीख?" दादूने विचारलं.

"ते बाहेर आलेच नाहीत. आम्ही पेटी ओटीवर ठेवली, सलाम केला नि निघालो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. महरीन तोंडाने काही विचारत नव्हती, पण चार वेळा पाणी आणून दिलंन. मला वाटलं, मोडलं! आणि सकाळी सहाला फोन. मुकादमसाहेब स्वतः. 'फारुकभाई, पेटी उघडली. असा आंबा आमच्या घरी कोणी पाठवला नव्हता. घरवाली म्हणते, इतकं जपणाऱ्या घरातली पोरगी आणायला वर्षभर थांबायचं कशाला? डिसेंबर पक्का.' "

चाचा टायरवरून उठून उभे राहिले. आवाज एकदम बोटीच्या भोंग्यासारखा लागला. "दादू, आढीत आंबा पिकायला आठ दिवस लागतात. माझ्या वायरिंगने अडीच तासांत पिकवला! देठापासून टोकापर्यंत केशरी, एक डाग नाही. कॅनडावाल्यांनाही ठाऊक नाही त्यांनी काय बनवलंय. डायरेक्ट लाइनची कमाल!"

दादूने मान डोलावली. संदेशनेही डोलावली, आणि मग त्याची मान मध्येच थांबली. त्याच्या ओठांवर "दोनच गाद्या..." असं काहीतरी आलं. पण त्याच्या आधी गाडीचं मागचं दार उघडलं.

"संदेश," झुबेदाचाची म्हणाल्या, "हवा बरोबर आहे. आम्ही त्या दोन गाद्या काढून टाकायला आलोय."

"गो, मध्येच काय..."

"आणि तुम्ही झाडावरून काढलेली पेटी अजून आपल्या पलंगाखाली गवतात आहे. व्याह्यांकडे कच्चा आंबा पाठवतात का कोणी? मी माझ्या आढीतली पेटी भरून घेतली होती."

"पण गाडीतली उष्णता त्याला..."

"उष्णता पुढे होती. एका गादीवर तुम्ही, दुसऱ्या गादीवर व्याही. पेटी जयगडपासून चिपळूणपर्यंत माझ्या मांडीवर होती." चाची व्याह्यांची काठी टेकत गाडीतून उतरल्या. "माझ्या मांडीला कुठली वायर जोडली होतीत?"