शेवाळाची टाकी

"आज मीटरचा आकडा उतरला नाही, तर मिशी उतरवून देईन!" निघताना त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

मिशी तशी विरळच होती, पण गडी पेटला होता. कंपनीच्या मीटिंगरूममध्ये त्याने भिंतभर काचेची टाकी उभी केली होती. आत पाणी, पाण्यात हिरवंगार शेवाळ. शेजारी खोलीतली हवा मोजणारा मीटर. खोलीतली कोंदट हवा टाकीत खेचली जाणार आणि शेवाळ ती स्वच्छ करून परत सोडणार! साहेबांना पटलं, तर मजल्यामजल्यावर टाकी. नाही पटलं, तर मेहुण्याच्या सुतारकामाच्या दुकानात मापं घेणाऱ्याची जागा रिकामी होतीच.

बाहेरची हवा मध्येच लुडबुडायला नको, म्हणून त्याने त्याच मेहुण्याकडून खिडक्यांवर पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या.

साहेब आले. त्यांच्यामागे हिशेबनीस, टायपिस्टबाई, पहारेकरी, मेहुणा, झाडून सगळे फुकटचा तमाशा बघायला आत घुसले. दार लागलं.

"हवा खराब झाली की आकडा चढतो," तो म्हणाला. "आता बघा, कसा उतरतो!"

आकडा चढला.

"अहो, हा चढतोय!" साहेब म्हणाले.

"नवी माणसं बघून शेवाळ जरा बुजलंय, साहेब!"

आकडा चढतच गेला. त्याला दरदरून घाम फुटला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. एवढी माणसं श्वास सोडताहेत, बिचारं शेवाळ कुठवर पुरं पडणार!

"कृपा करून कुणी श्वास घेऊ नका!" तो ओरडला.

सगळ्यांनी इमानेइतबारे श्वास रोखला. हिशेबनीस टोमॅटोसारखे लाल झाले. ते बघून टायपिस्टबाईंना फिस्सकन हसू फुटलं, आणि अख्ख्या ऑफिसने एकदम श्वास सोडला! मीटर केकाटायला लागला. साहेब धापा टाकत खुर्चीत कोसळले.

"दार उघडा!"

दार आत उघडणारं, आणि त्याला निम्मं ऑफिस टेकलेलं!

"दाजी, बाजूला व्हा!" मेहुण्याने पटाशी घालून पट्टी उखडली आणि खिडकी धाडकन उघडली. आकडा सरसर खाली आला.

साहेबांनी छाती भरून श्वास घेतला. "वा! झकास! प्रत्येक मजल्यावर हवी!"

"टाकी ना, साहेब?"

"खिडकी!"

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "अहो, उतरला का आकडा?"

"उतरला."

"मग चेहरा का असा?"

"उद्यापासून तुझ्या भावाकडे कामाला जातोय. खिडक्यांची मापं घ्यायला!"

मिशी मात्र वाचली.