मेश्रामांचे साडेअकरा

आमच्या शेजारचे मेश्राम नमस्कार करत नसत. सकाळी दारात दिसले की डावा हात पुढे करून म्हणायचे, "घड्याळ मिळवा वहिनी. सातशे वीस."

म्हणजे आपलं घड्याळ त्यांच्या घड्याळाशी जुळवून घ्यायचं, आणि सातशे वीस म्हणजे सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. पहिले आठ दिवस मला वाटायचं, हा माणूस मला कुठल्या तरी गाडीचा नंबर सांगतोय. लखनौच्या मानक नगरात, रेल्वेच्या कॉलनीत आम्ही नवीन आलो होतो, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हटलं असेल बाई, इथली पद्धत असेल. मग कळलं की पद्धत इथली नाही, एकट्या मेश्रामांची आहे. लखनौ तर असं शहर, की "अभी आया" म्हणून गेलेला सुतार दिवाळीला उगवतो आणि वर आपल्यालाच विचारतो, "भाभीजी, नाराज तो नहीं हैं?"

मेश्राम भंडाऱ्याकडचे. ऑफिसात रुळांवरच्या चाचण्यांची मोजमापं घ्यायचं त्यांचं काम. आणि मनगटावर ते घड्याळ! घड्याळ कसलं, शिऱ्याची मूद पाडायची वाटीच ती. काळी तबकडी, तिच्यावर चुन्यानं लिहिल्यासारखे ठळक पांढरे आकडे, आतल्या बाजूनं तेरापासून चोवीसपर्यंत आणखी एक रांग. काचेभोवती एक कडी, कशाला किती मिनिटं लागली ते मोजायला ती हातानं फिरवता यायची. पट्टा मिलिटरी हिरव्या कापडाचा. दर रविवारी तो साबणानं धुऊन दोरीवर वाळत घालायचे आणि वाळेपर्यंत घड्याळ मुठीत धरून व्हरांड्यात बसून राहायचे. चावी बाहेर ओढली की सेकंदाचा काटा जागच्या जागी थबकायचा. घड्याळं मिळवायला म्हणे फौजेत अशीच लागतात.

मेश्राम फौजेत होते का? छे! भरतीलासुद्धा कधी गेले नव्हते. घड्याळ घेतलं होतं नखासच्या रविवारच्या बाजारात, जुन्या कुलपांच्या आणि पितळी नळांच्या ढिगाशेजारी. कॉलनीत एक निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांनी एकदा ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि दहा जणांसमोर सांगितलं, "मेश्राम साहब, ये फ़ौज की नहीं है, फ़ौज जैसी है।"

सगळे हसले. दुसरा कुणी असता तर शरमेनं बाही खाली ओढली असती. मेश्रामांनी ती आणखी वर सरकवली. "मग मी तरी कुठे फौजेतला आहो, सुभेदार साहेब? म्हणून तर आमचं जमते," असं मराठीतच म्हणाले. सुभेदारांना कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

त्यांचा आणखी एक शब्द होता, "नाही चालत." दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला, नाही चालत. पाहुण्यांना साडेसातला जेवायला बोलावलं आणि ते आठला आले, नाही चालत, तोवर ताटं उचललेली असत. माझ्या भिंतीवरचं घड्याळ मी दहा मिनिटं पुढे ठेवायची. कोण नाही ठेवत? पोरं शाळेला निघावीत म्हणून घरोघरी ठेवतात. मेश्रामांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चोर पकडल्यासारखा चेहरा केला. "वहिनी, भिंतीवर खोटं टांगून राहिले तुम्ही? नाही चालत."

"तुमच्या घरात चालत नसेल, माझ्या घरात चालतं," मी म्हटलं. मीही साताऱ्याची आहे. ते घड्याळ सोळा वर्षं दहा मिनिटं पुढेच राहिलं, आणि सोळा वर्षं येता-जाता मेश्राम त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिले.

त्यांच्या मुलीच्या, सुजाताच्या, आठव्या वाढदिवसाची गोष्ट अजून कॉलनीत सांगतात. आमंत्रण सतराशेचं. बरोबर पाचला मेश्राम म्हणाले, "काप बेटा." खोलीत मी, माझी दोन पोरं आणि केक. बाकीचं लखनौ सात वाजता नटूनथटून, अत्तर लावून आलं, तेव्हा मेश्राम फुगे फोडून दोरा गुंडाळत होते. सुजाता कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली. मला इतका संताप आला, की मी तोंडावर म्हटलं, "घड्याळाला बांधून ठेवलंय तुम्ही त्या लेकराला!" त्यांनी उरलेला दोरा गुंडाळून खिशात घातला.

आता खरं सांगते, कारण त्या दिवशी मी बोलले ते मला पुढे फार लागलं. सुजाता पहिलीत असताना, आम्ही यायच्या थोडंच आधी, तिची आई, सुमनबाई, गेली. महिनाभराचं दुखणं. तोवर या माणसानं घरात चहासुद्धा केलेला नव्हता. पहिल्या आठवड्यात भात तीनदा करपला, डाळ कच्ची राहिली आणि सुजाता दोनदा शाळेच्या बंद फाटकावरून परत आली. मग त्या रविवारी ते नखासला गेले आणि हे धूड बांधून आले.

मी माझ्या ओट्यापाशी उभी राहून त्यांच्या व्हरांड्यात बघायची. कुकर चढवला की कडी फिरवायची. ताप पाहायला काखेत थर्मामीटर, कडी फिरवायची. वेण्या घालायच्या, कडी फिरवायची. दोन वेण्यांना सुरुवातीला बावीस मिनिटं लागायची आणि शेवटी एक उजवीकडे वर, एक डावीकडे खाली. सुजाता आरशात बघून म्हणायची, "पापा, ये तो टेढ़ी है।" ते शांतपणे सोडून पुन्हा घालायचे. चौथीत येईपर्यंत सहा मिनिटांवर आले होते. असल्या सरळ वेण्या कॉलनीतल्या एकाही आईला जमत नव्हत्या, मलाही नाही.

ऑफिसातून येताना ते सतराशे बेचाळीसला कोपऱ्यावर वळायचे. पोरगी फाटकात उभी असायची. तिला एक मिनिट वाट बघायला लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. एक आई वेळ न सांगता निघून गेली होती ना, म्हणून.

बघता बघता सुजाता एम.ए. झाली आणि नागपूरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, वडील रामटेके साहेब बँकेत मोठे अधिकारी. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी रामटेके साहेबांनी व्याह्यांसाठी म्हणून मखमली डबी उघडली. आत सोनेरी घड्याळ, बिस्किटासारखं पातळ, सेलवर चालणारं. तेव्हा त्यांची नवलाई होती. म्हणाले, "लग्नात हेच घाला, मेश्राम साहेब. फोटोत ते रणगाड्याचं चाक बरं दिसणार नाही."

मेश्रामांनी घड्याळ घेतलं, कानाला लावलं. "छान आहे. चावी नाही देणं पडत म्हणता?"

"कधीच नाही!"

"मग हे मले ओळखन कसं?" त्यांनी डबी मिटून जपून बाजूला ठेवली. "हात दोन आहेत साहेब, पण वेळ एकच असते. माझी ही आहे."

मी मागून त्यांचा सदरा ओढत होते. व्याही आहेत, दोन तास घालायचं, काय झिजणार होतं? पण ऐकेल तो मेश्राम कसला! वर लग्नाची वेळ ठरवताना म्हणाले, "साडेअकरा." मी म्हटलं, "अहो, तुम्ही मुहूर्त तर मानत नाही, मग साडेअकराचा एवढा हट्ट का?"

"मुहूर्त ग्रहांचा असते वहिनी. त्यांना आमची गरज नाही, आम्हाला त्यांची नाही. वेळ माणसानं माणसाला दिलेली असते. ती चुकली तर नाही चालत."

रामटेके साहेब कडवट हसले. म्हणाले, "बघूच."

लग्नाच्या आदल्या दिवशी सुजाता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मराठी सगळं कळायचं तिला, बोलायची मात्र हिंदीत. "आंटी, पापा को समझाइए। बारात लेट हो गई तो वो सबके सामने कुछ बोल देंगे। पहले ही रामटेके अंकल नाराज हैं। मुझे ज़िंदगी भर सुनना पड़ेगा।" मी गेले, समजावलं. मेश्राम घड्याळाला चावी देत होते. म्हणाले, "त्यांनी कबूल केलं आहे वहिनी. साडेअकरा." झालं! भिंतीशी बोलावं ते बरं.

आणि दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. नागपूरची गाडी लेट. चारबाग स्टेशनवरून माणूस आला, म्हणाला दीड तास तरी लागेल. कॉलनीच्या हॉलमध्ये भंतेजी येऊन बसलेले, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या तयार, सुजाता पांढऱ्या साडीत खाली मान घालून बसलेली. अकरा अठ्ठावीस. अकरा एकोणतीस. आम्ही सगळे नवरदेवाची वाट सोडून मेश्रामांच्या मनगटाकडे बघत होतो. मला केक आठवत होता.

मेश्राम उठले. सुजातानं मान वर केली. "पापा, प्लीज़," एवढंच म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "घड्याळ मिळवा! साडेअकरा!" आणि खटकन चावी बाहेर ओढली. काटा थांबला. "सबकी घड़ी रोक दीजिए," त्यांनी हुकूम सोडला. सुभेदार सगळ्यांत आधी उठले, टाचा जुळवल्या आणि स्वतःच्या घड्याळाची चावी ओढली. मग सगळ्या हॉलनं ओढली. निम्म्यांची घड्याळं तशीही चालूच राहिली, पण ओढायची म्हणून सगळ्यांनी ओढली. माझे यजमान तर हसत हसत रडत होते.

वरात आली तेव्हा बाहेर एक वाजून गेला होता. रामटेके साहेब घामाघूम, चेहरा उतरलेला. दारातच हात जोडायला लागले, "मेश्राम साहेब, काय सांगू, गाडीनं..."

मेश्रामांनी त्यांच्यापुढे मनगट धरलं. "साडेअकरा. तुम्ही अगदी वेळेवर आले. या."

रामटेके साहेबांनी त्या काळ्या तबकडीकडे पाहिलं, मग मेश्रामांकडे, आणि त्यांना कडकडून मिठीच मारली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले. फोटोत ते रणगाड्याचं चाक सगळ्यांत पुढे आलंय. अगदी बरं दिसतंय, कुणी काही म्हणो. शहरातली लखनवी मंडळी मात्र दोन वाजता आली आणि आपण फार लवकर तर नाही ना आलो म्हणून संकोचली.

सुजाता गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन शेजारी गेले. मेश्राम व्हरांड्यात बसलेले, दाढी वाढलेली. मला पाहून हात पुढे केला नाही. म्हणाले, "किती वाजले वहिनी?"

या माणसानं मला वेळ विचारली? मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. चावी अजून बाहेरच होती. घड्याळात साडेअकरा.

"अहो, आत दाबा की ती!"

"दाबतो." पण दाबली नाही. बोटानं कडी फिरवत राहिले. "याच्यात अजून लग्न लागायचं आहे वहिनी. पोरगी घरातच आहे. हे चालू केलं, की ती गेली."

मला रडू फुटलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी डबा आपटला. "सोळाशे पंचवीस झालेत मेश्राम साहेब! पाच वाजता माझ्या घरी तिचा नागपूरहून फोन येणार आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पोरगी तुमची आहे, पाच म्हणजे पाचलाच करणार. तिला ताटकळत ठेवणार का तुम्ही? घड्याळ मिळवा!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सोळाशे म्हटलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग काटे फिरवले, माझ्या तोंडाकडे पाहून "पंचवीस ना?" असं पुन्हा विचारलं, आणि चावी आत दाबली. दाढी करायला आत गेले.

पावणेपाचपासून माझ्या फोनसमोर ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. फोन वाजला तेव्हा त्यांनी आधी मनगट पाहिलं, मग उचलला.

"सोळाशे सत्तावन्न," ते म्हणाले. "तीन मिनिटं आधी काहून केला बेटा?"

लांबचा फोन म्हणून सुजाता ओरडून बोलत होती, दारापर्यंत ऐकू आलं. "पापा, रहा नहीं गया।"

मेश्रामांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"चालते," ते म्हणाले. "चालते बेटा."