अण्णा आधी तोंड बघतात

आमच्या खालच्या मजल्यावरचे कृष्णोजीराव समोर आले की आधी तुमचे ओठ बघतात. किंचित वाकून, चष्मा नाकावर खाली ओढून, दोन्ही कडा तपासून होतात आणि मग नमस्कार. लिफ्टमध्ये नवीन माणूस असला की तो घाईघाईने तोंड पुसतो. पहिल्या भेटीत मीही पुसलं होतं. सकाळच्या चटणीचा मला संशय होता.

ही खोड नोकरीतली. सगळी इमारत त्यांना अण्णा म्हणते. या अण्णांनी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात उभा जन्म काचेच्या बाटल्यांची तोंडं तपासली. कुठे टवका, कुठे बारीकशी चीर. निवृत्त झाल्यावर बाटल्या संपल्या, तेव्हा त्यांनी मासे पाळले. "मासा कण्हत नाही. त्याचं दुखणं तोंडावर बघायचं," असं ते सांगतात. त्यांच्या दिवाणखान्यात माणसासाठी एक खुर्ची आहे, बाकी सगळ्या टाक्या.

त्यांचं घराणं बंगळुरातलं फार जुनं मराठी. बोलणं मराठीच, पण मध्ये मध्ये कानडी खडे लागतात. थोडं म्हणजे 'स्वल्प', बरं म्हणजे 'सरी'. आणि सगळ्यात नावडता शब्द 'सुम्ने', म्हणजे उगीच, काही कारण नसताना. माशांना सुम्ने खायला घालायचं नाही, सुम्ने काचेवर टकटक करायची नाही. सोसायटीच्या बैठकीत एकदा अध्यक्षांनी चहा मागवला, तर "सुम्ने चहा कशाला?" असं विचारून अण्णांनी तो रद्द करवला. तेव्हापासून बैठकीला कुणी फिरकत नाही. महादेवपुऱ्यातलं हे घर त्यांच्या मुलाने घेतलं आणि तो कॅनडाला गेला. अण्णा स्वतःला घराचा रखवालदार म्हणवतात आणि त्यावर स्वतःच हसतात.

आई गेल्यावर माझ्या बाबांना मी वाईहून इथे आणलं. बाबा शाळामास्तर. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस, आणि इथे बोलायला कुणी नाही. मी दिवसभर ऑफिसात. ते अर्धी चपाती खाऊन ताट बाजूला सारायचे. सोबत हवी म्हणून मी एक फ्लॉवरहॉर्न मासा आणला. कपाळावर भलंमोठं टेंगूळ, पोहण्यात रुबाब. बाबांनी त्याचं नाव सरपंच ठेवलं. काचेला बोट लावलं की सरपंच त्या बोटावर धाडकन चालून यायचा आणि बाबा हसायचे. दिवसभरात तेवढंच हसायचे, म्हणून मी कधी अडवलं नाही.

मग सरपंचाच्या ओठांवर कापूस चिकटल्यासारखं पांढरं दिसायला लागलं. त्याने खाणं सोडलं. मी फोनवर वाचलं, दुकानातून बुरशीवरचं निळं औषध आणून ओतलं आणि आजारी जीव आहे म्हणून टाकीतला हीटर वाढवला. आमच्या घरात कुठल्याही दुखण्याला आधी पांघरूण घालतात. सरपंच आणखीच खंगला, तेव्हा कुठे मी अण्णांना बोलावलं.

अण्णा टॉर्च घेऊन आले, टाकीसमोर मांडी घालून बसले आणि सरपंचाच्या तोंडावर प्रकाश धरून बघत राहिले.

"बुरशी नाही ही," शेवटी म्हणाले. "बुरशीचे धागे मोकळे असतात, पाण्याबरोबर हलतात. हे बघ, ओठाला कसं घट्ट बसलंय. रंग करडा, कड लाल. हे जिवाणूंचं काम. हीटर कुणी वाढवला?"

"मी."

"उबेत हे भराभर पसरतं गं. काढ आधी तो. निळं औषधही सुम्ने ओतलंस. याचं औषध वेगळं, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आणू. याला वेगळ्या टाकीत ठेवायचं, पाणी रोज स्वल्प बदलायचं, हवेचा पंप जोरात." मग त्यांनी टॉर्च पुन्हा लावला. "पण मुळात ओठ फुटला कशाने? काचेवर आपटत होता का?"

"माझ्या बोटापायी," बाबा कोपऱ्यातून म्हणाले आणि त्यांनी ते बोट मुठीत मिटून घेतलं.

त्या संध्याकाळी बाबांनी ताटाला हात लावला नाही. "मला वाईला नेऊन सोड," म्हणाले. "एक मासा मला सांभाळता आला नाही. इथे माझा काय उपयोग?" वाईच्या घराला कुलूप होतं. तिथे त्यांना चहा विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. मी मनातून फार घाबरले. ते तिथे जेवणार नव्हते आणि इथेही जेवत नव्हते.

सकाळी अण्णा बादली घेऊन दारात हजर. त्यांनी माशाचं तोंड पाहिलं. मग सवयीप्रमाणे वाकून बाबांचंही पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"मास्तर, रोगी मी माझ्याकडे नेतो," ते म्हणाले. "पण ओळखीचं माणूस दिसल्याशिवाय हा खाणार नाही. तुम्हाला दोन्ही वेळा यावं लागेल. जेवणही तिथेच. समोर कुणी जेवत असलं की या जातीला भूक लागते."

हे शास्त्र मी कुठेच वाचलेलं नव्हतं. पण बाबांना ते पटलं. "माझ्यामुळे झालंय, तर मलाच निस्तरायला हवं," असं म्हणून ते बादलीच्या मागोमाग गेले.

त्यानंतर घरी बातम्या येऊ लागल्या. आज सरपंचाने एक दाणा खाल्ला. आज अण्णांनी चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, केलं होतं, फोडणी जरा करपली होती. आज बाबांनी त्यांना पिठलं शिकवलं, पण या माणसाला गुठळी मोडता येत नाही. बाबा रागावून बोलत होते आणि मला ते रागावणं ऐकायला फार बरं वाटत होतं. मासा कसा आहे विचारलं की जिन्यात अण्णांचं ठरलेलं उत्तर, "कड अजून स्वल्प लाल आहे."

एकदा ऑफिसातून लवकर सुटले, म्हणून बाबांना आणायला थेट खाली गेले. बाबा कढीपत्ता आणायला बाहेर पडले होते. दिवाणखान्यात दोन खुर्च्या होत्या. आणि मोठ्या टाकीत सरपंच ऐटीत फिरत होता. ओठ स्वच्छ, ना पांढरं, ना लाल.

"अण्णा, हा तर बरा झालाय."

"झाला की. केव्हाच. मास्तरांना एवढं बारीक दिसत नाही."

"मग लाल कड?"

अण्णा फडक्याने काच पुसू लागले. ती आधीच स्वच्छ होती. "मास्तरांचे ओठ त्या दिवशी अगदी सुकलेले होते," ते म्हणाले. "आता दोन चपात्या खातात. म्हटलं, आणखी स्वल्प दिवस राहू दे." आणि काचेकडेच बघत पुढे म्हणाले, "मीसुद्धा ओट्यापाशी उभ्यानेच जेवत होतो गं. एकट्यासाठी ताट कोण वाढून घेतं?"

मी वाकून त्यांच्या पाया पडले. ते एवढे गडबडले की त्यांनी माझे ओठसुद्धा बघितले नाहीत.

आणखी काही दिवसांनी सरपंच घरी आला. दुसऱ्या दिवशी जेवणवेळ झाली तरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कोचावर बसून होते. बेल वाजली. दारात अण्णा. त्यांनी टाकीकडे एक नजर टाकली आणि बाबांच्या ओठांकडे एक.

"चला मास्तर, पिठलं होतंय."

"आता कशाला येऊ?" बाबा म्हणाले. "सरपंच तर इथे आहे."

अण्णा अडखळले. कारण सापडेना म्हणून दोनदा चष्मा वरखाली केला.

"सुम्ने या," ते म्हणाले.

बाबांना कानडी येत नाही. ते उठले आणि चपला शोधायला लागले.